दाखला एकीचा, वय दुसरीचं

आई, गॅलरीतली तुमची वाटी अजून तिथेच आहे. तुम्ही गेल्यावर कुणीतरी ती उचलून, घासून फळीवर ठेवेल असं वाटलं होतं. पण घरातल्या प्रत्येकाने ते काम दुसऱ्यावर सोडलं. आज सकाळी पाहिलं तर वाटीत ताजा भात होता. तुमच्या मुलीने ठेवला नव्हता, मी ठेवला नव्हता. उरली तुमची नात. रेवाचा हात अजून ओट्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा तिने आपल्या ताटातला नेला असणार. 'असणार' म्हणतो, कारण मी पाहिलेलं नाही. माझ्या या सवयीची तुम्ही केवढी थट्टा करायचात. "आमच्या जावयांना विचारा, सूर्य उगवला का? म्हणतील, उगवला असणार, खिडकी बंद आहे."

इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळींनी खालच्या फळ्यावर लावायला तुमच्याविषयी चार ओळी मागितल्या. मी पेन घेऊन बसलो आणि जन्मतारखेलाच अडलो. तुमची जन्मतारीख तुम्हालाही ठाऊक नव्हती. शिमग्याच्या पुढेमागे कधीतरी, एवढंच तुम्ही सांगायचात. शेवटी फळ्यावर तुमचं नाव आणि फोटो लागला. बाकीचं इथे लिहितो आहे आणि तुम्हालाच उद्देशून लिहितो आहे, कारण माझा वाद तुमच्याशीच होता आणि तो मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. त्या दुपारी तुम्ही मला जे सांगितलंत ते खरं होतं की नाही, एवढाच तो वाद. त्या सांगण्यावर मी माझ्या मुलीचा जीव ठरवला होता.

सुमनशी माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकच मागणी केली होती. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर बायकोचं नवं नाव लिहावं, ही आपल्याकडची जुनी रीत. मुलीकडच्यांना बहुतेक ती नकोच असते, पोटच्या पोरीचं नाव पुसलं गेलेलं कुणाला आवडेल? इथे उलटंच. मुलाकडचा मी नको म्हणत होतो आणि मुलीची आई मागे लागली होती. "नाव बदला. सुमन ठेवू नका. मी एक सुचवते." मी विमा कंपनीत नोकरीला, नाव बदललं की कागदपत्रांत काय घोळ होतात ते रोज पाहत होतो. मी म्हटलं, आई, जे आहे ते छान आहे. तुम्ही एक नाव सुचवलंही होतंत, मांडवातल्या सनईत ते मला नीट ऐकू आलं नाही.

पुढे सासरे गेले आणि तुम्ही आमच्याकडे आलात, भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जावयाच्या घरी राहणं तुम्हाला अवघड वाटत होतं, ते चौथ्या मजल्याच्या गॅलरीने सोपं केलं. समोर मिठागरं. त्यांतली निम्मी बंद पडलेली, पांढरी, सपाट; पलीकडे खाडी. पहिल्या दिवशी तुम्ही कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होतात. मग म्हणालात, "मोकळं आहे. खेळायला बरं." आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. मला वाटलं, पुढचं बोलताहात, आशेने.

तुम्ही आपल्या मुलीला सुमन म्हणून हाक मारलेली मी कधीच ऐकली नाही. तुमच्यासाठी ती दगडू. "दगडे, गॅस बंद केलास का? दगडू, डबा विसरलीस." मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "लहानपणी उचलायला जड होते म्हणे." आता तुमची मुलगी म्हणजे एवढीशी चण, जोराचा वारा आला तर छत्रीसकट जाईल. तरी मी तो विषय पुढे नेला नाही. आई मुलीला काय म्हणते हा काही माझा प्रांत नाही.

तिला दिवस राहिले ते तिसऱ्यांदा. आधीची दोन गर्भारपणं सुरुवातीलाच संपली होती. तेव्हा या खेपेला आपण तिघंही घरात जपून चालत होतो, जणू पायांचा आवाज झाला तरी काही सांडेल. तिसऱ्या महिन्यात मीरा रोडच्या डॉक्टर बाईंनी रक्ताची तपासणी सांगितली. डबल मार्कर म्हणतात तिला. बाळाच्या गुणसूत्रांत काही दोष असण्याचा धोका किती, याचा त्यातून अंदाज काढतात. फक्त अंदाज, निदान नव्हे, हे बाईंनी दोनदा बजावलं. तुम्ही हट्टाने बरोबर आलात.

तिथलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाकावर आपण तिघं बसलो होतो, मध्ये सुमन. काउंटरवरच्या मुलीने कागदावरून नाव वाचून हाक मारली, "सुमन! सुमन कोण आहे?" तुमची मुलगी तुमच्या खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि तुम्ही मान वळवलीत ती दाराकडे. काचेच्या बंद दाराकडे. सुमन उठून काउंटरपाशी गेली तरी तुम्ही दाराकडेच बघत होतात.

"काय झालं, आई?" मी विचारलं.

"काही नाही. कुणी आलं असं वाटलं."

काउंटरवरची मुलगी एकेक विचारत होती. वय? अडतीस. वजन? काट्यावर उभ्या राहा. मधुमेह आहे? मूल राहण्यासाठी काही उपचार घेतले होते? सोनोग्राफीत एकच गर्भ आहे ना? सिगारेट, तंबाखू, मिश्री? त्यावर तुम्ही बाकावरूनच म्हणालात, "मिश्री मी लावते गं. तिला वासही सोसत नाही." सगळे हसले. वयाच्या वेळी मात्र तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतंत आणि मिटलंत. हे मला नंतर आठवलं. की नंतर मी ते रचलं, हे सांगता येत नाही.

एका रक्ताच्या तपासणीला एवढ्या चौकशा कशाला, असं मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांना समजावून सांगायची हौस होती.

"मूठभर मीठ तांब्यात टाका आणि तेवढंच हंड्यात टाका," त्या म्हणाल्या. "चव सारखी लागेल? बाईचं वजन जास्त असेल तर रक्तातला तोच पदार्थ पातळ दिसतो. तंबाखूने एक पदार्थ कमी होतो. जुळं असेल तर दोन्ही वाढतात. किती आठवडे झालेत त्यावर तर सगळंच अवलंबून. आईची नीट माहिती नसेल तर नुसत्या रक्ताच्या आकड्याला अर्थ नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वय."

"वयाचा रक्ताशी काय संबंध?"

"रक्ताशी नाही, धोक्याशी. रक्त बघायच्या आधीच कॉम्प्युटर आईच्या वयावरून एक आकडा धरतो. मग रक्त आणि सोनोग्राफी तो आकडा वर ढकलतात नाहीतर खाली."

हे मला लगेच कळलं. आमच्याकडे विम्याचा हप्ता असाच काढतात. आधी वय, मग बाकीचं. घरी येताना रिक्षात मी ते तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही बाहेर बघत होतात. म्हणालात, "म्हणजे वय चुकलं तर सगळंच चुकलं?"

"सगळंच."

रिपोर्ट आला. एकशे ऐंशीत एक. त्या प्रयोगशाळेची रेघ अडीचशेची; तिच्या अलीकडचे सगळे 'जास्त धोका' या रकान्यात. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. याचा अर्थ अशा एकशे ऐंशी बायकांतल्या एकशे एकोणऐंशींची बाळं ठीक असतात. आणि रक्त तसं गप्प आहे, सोनोग्राफीही चांगली आहे. हा आकडा जवळजवळ सगळा वयाचा आहे. पण खात्री हवी असेल तर पुढे पोटात सुई घालून गर्भजल काढावं लागेल." सुईने गर्भच पडण्याचा धोका किती, असं मी विचारलं. "माणसागणिक बदलतो. दोनशेत एक धरून चाला."

म्हणजे दोन अपूर्णांक, जवळजवळ सारखे. एकीकडे दोष, एकीकडे सुई. माझं मत सुईच्या बाजूने होतं. निदान कळेल तरी. माहीत नसलेली गोष्ट उशाशी घेऊन सहा महिने झोपायचं, हे मला जमणारं नव्हतं. तुम्ही एकच वाक्य धरून बसलात, सुई नको. मी कागदावर आकडे मांडून दाखवले, तुम्ही कागदाकडे पाहिलंही नाहीत.

"तुमचं बरं आहे, प्रकाशराव. ऑफिसात मेलेल्यांचा हिशेब, घरात जन्मायच्यांचा."

"हिशेब न करता सोडून देऊ का?"

"आधी दोन गेली. तेव्हा कुठला हिशेब उपयोगी पडला?"

सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुम्ही दोघं काय ते ठरवा आणि मला कळवा," ती म्हणाली. "फक्त पोट माझं आहे, एवढं मिनिट्समध्ये लिहून घ्या." आणि आत जाऊन तिने भांडी जरा जोरात घासली. त्या आवाजात तिची भीती मला कळत होती. तिसऱ्यांदा तिला ते सोसणार नव्हतं. सुईनेही नाही आणि सुईशिवायही नाही.

मग ती दुपार. सुमन ऑफिसला गेली होती, मला सुट्टी होती. तुम्ही खाली वर्तमानपत्र पसरून सुके सोडे निवडत बसला होतात. मी पाणी प्यायला आलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तिचं वय चुकलंय."

"कुणाचं?"

"दगडूचं. ती अडतीसची नाही. दोन वर्षांहून थोडी जास्तच लहान आहे. तीन नाही पुरी."

"शाळेत वय वाढवून लावलं होतं का?"

"हो."

मी पेला खाली ठेवला. अशी वयं मी रोज पाहतो. शाळेत लवकर घालायला सहा-आठ महिने वाढवतात. एक जूनला तर अर्धा महाराष्ट्र जन्मलेला आहे. पण दोन वर्षांहून जास्त कुणी वाढवत नाही. वाढवून मिळतं काय? उलट नोकरी लवकर संपते. मी तुम्हाला तसं म्हटलं. तिचा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला मी लग्नानंतर स्वतः पाहिला होता, जुना, खरा.

"दाखला खरा आहे," तुम्ही म्हणालात. "दाखला आहे तिचा. ती नाही."

तुमचे हात सोडे निवडतच होते. सोड्याला लागलेली साल काढायची, बाजूला टाकायची, पुढचा घ्यायचा. आवाज असा की गावच्या कुणाचं सांगताय.

"पहिली सुमन. गोरी होती. बारसं थाटात केलं, सगळ्या वाडीला बोलावलं. ह्यांनी हौसेने जाऊन नाव नोंदवलं. सव्वा वर्षाची झाली. ताप आला आणि गेली. मग वर्षभराने ही झाली. हिचं मी बारसं केलं नाही. नाव ठेवलं नाही. कुठे नोंदवू दिलं नाही. लिहिलं की दिसतं."

"कुणाला दिसतं?"

"ज्याला दिसू नये त्याला. दगड म्हटलं की कोण उचलून नेतो? म्हणून दगडू." तुम्ही पहिल्यांदा वर पाहिलंत. "मग मुंबईत शाळेत घालायची वेळ आली. मास्तर म्हणाला, दाखला आणा. घरात दाखला एकच होता."

मी खाली बसलो. बाहेर गॅलरीत ऊन रणरणत होतं.

"ती चणीने लहान, मास्तर म्हणाला, एवढी मोठी पोरगी एवढीशी कशी? ह्यांनी सांगितलं, आजारी असते. सुमन म्हणून नाव लागलं. तेव्हापासून हिला कुणी त्या नावाने हाक मारली की मला वाटतं, दोघी ओ देतील." मग तुम्ही परत सोड्यांकडे वळलात. "तुमच्या त्या मशिनीने हिशेब केलाय तो तिच्या वयाचा केलाय, प्रकाशराव. तिला कुठून मूल व्हायला?"

मी आकड्यांचा माणूस. अंगावर काटा आला असं मी सहसा लिहीत नाही. त्या दुपारी तो आला होता, एवढं नमूद करतो.

तुम्ही एक अट घातलीत: मी असेपर्यंत दगडूला सांगू नका. ती मी पाळली. तिला आपण एवढंच सांगितलं की शाळेत वय वाढवून लावलं होतं. ती केवढी हसली. "म्हणजे मी दोन वर्षं आधी रिटायर होणार? फुकटात? आई, तुझ्यावर केस टाकते मी." डॉक्टर बाईंनाही तेवढंच सांगितलं. मला वाटलं, त्या पुरावा मागतील. त्यांनी तुमच्याकडे पाहून एकच विचारलं, "नक्की?" तुम्ही मान हलवलीत. "कागदापेक्षा आईला जास्त माहीत असतं," म्हणाल्या आणि प्रयोगशाळेला फोन लावला. रक्त तेच, वजन तेच, आठवडे तेच. फक्त वय बदललं. नवा आकडा आला, तीनशे वीसात एक. रेघेच्या पलीकडे. "आता सुईचा आग्रह मी धरणार नाही," बाई म्हणाल्या. "पण धोका शून्य झाला असं समजू नका. निर्णय तुमचा."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सुई नको.

बाहेर पडल्यावर तुम्ही माझा हात धरलात. जिना उतरायला धरलात की कशाला, मी विचारलं नाही.

रेवा झाली. पूर्ण दिवसांची, ठणठणीत, आल्या आल्या सगळ्या वॉर्डाला जागं करणारी. तिचा जन्म मी त्याच आठवड्यात नोंदवायला निघालो तेव्हा तुम्ही दार अडवून उभ्या राहिलात. "बारा दिवस तरी थांबा." थांबलो.

आणि मग मला शंका यायला लागली. हे मी तुम्हाला तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं, आज लपवत नाही. तुम्हाला सुई नको होती. आकडा वयामुळे वर गेला आहे हे तुम्ही बाईंच्या तोंडून ऐकलं होतं. वय खाली आलं की आकडा खाली येतो हे तर मीच रिक्षात समजावलं होतं. आणि त्यानंतर बरोबर तेवढंच वय कमी करणारी एक मुलगी तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत, जिची आजवर कुणी खबरही ऐकली नव्हती.

"तिचा फोटो?"

"सव्वा वर्षाच्या पोरीचा फोटो गावात कोण काढतं?"

"गेल्याची नोंद?"

"ती केली असती तर दाखला चालला असता का?"

"गावात कुणाला विचारू?"

"वाडीत आता कोण राहिलंय? माडांना विचारा."

"आई, ज्या दाव्यात सगळं बरोब्बर जुळतं ना, तो आम्ही दोनदा तपासतो."

"तपासा की. पोरगी मांडीवर घेऊन तपासा." आणि रेवाला माझ्या मांडीवर टाकून तुम्ही भाजी आणायला निघून जायचात.

हा वाद आपण किती वेळा घातला! भांडण म्हणून सुरू व्हायचा आणि चहाला संपायचा. पण माझ्या आत तो संपत नव्हता. खोटं असेल तर रेवा एका खोट्यावर वाचली, किंवा एका खोट्यावर आम्ही तिला पणाला लावलं. दोन्ही एकाच वेळी. कधी वाटायचं, खरंच असणार. मार्गशीर्षात एका दिवशी तुम्ही काही कारण नसताना दगडूला पाटावर बसवून ओवाळायचात. "आज काय?" "काही नाही, वाटलं." आणि दाखल्यावरच्या वाढदिवशी, सगळे केक कापत असताना, गोड भाताची वाटी गॅलरीत ठेवून यायचात. चिमण्यांना, म्हणायचात. पण मार्गशीर्षातला तो दिवस दर वर्षी एकच असायचा का, ते मी कधी पाहिलं नाही. आणि चिमण्या तर भाईंदरला आहेतच.

तुम्ही गेल्यानंतर शेजारच्या हंसाबेन भेटायला आल्या. उठता उठता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाईसाब, एक बात पूछूँ? मम्मी दोपहर में गॅलरी में किसको बुलाती थीं? मैं समझती थी भाभी छुट्टी पे हैं."

"क्या बोलती थीं?"

"सुमन, अंदर आ जा. सुमन, पैर में कुछ पहन, जमीन तप गयी है. ऐसे. रोज." त्या जरा हसल्या. "उम्र हो गयी थी ना."

हो म्हटलं. ज्या नावाने तुम्ही मुलीला जन्मात हाक मारली नाहीत, ते तुम्ही घरात कुणी नसताना रोज घेत होतात.

मग परवाची गोष्ट. सुमनने रेवाला गॅलरीत दहीभात भरवायला घेतला. दोन घास झाल्यावर रेवा म्हणाली, "आता सुमनला."

"मला? बरं, आ." सुमनने तोंड उघडलं.

"तू नाही. तू दगडू." रेवाने घास चिमटीत धरून वाटीत टाकला. "सुमन खाली बसते. आजीने सांगितलं. ती बाळ आहे."

ऊन कठड्यावरून खाली सरकत होतं. समोरच्या मिठागरात कुणी नव्हतं. कामावरचे लोक गेलेले, पांढऱ्या जमिनीवर नुसतं ऊन हलत होतं. सुमन हसत माझ्याकडे वळली आणि माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

आई, मला त्या क्षणी भीती वाटली. पण त्या भीतीबरोबरच आणखी काहीतरी झालं, ते तुम्हाला सांगायचं होतं म्हणून हे सगळं लिहिलं. माझ्याशी खोटं बोलायला तुमच्याकडे कारण होतं. डॉक्टरांशी बोलायलाही होतं. पण चौथ्या मजल्यावर एकटं असताना मिठागरांशी खोटं बोलायला कुणाला कारण असतं? आणि तीन वर्षांच्या नातीशी? तिचा तर कसला आकडा खाली आणायचा नव्हता. पहिली सुमन होती. 'असणार' नाही लिहीत. होती. हा वाद तुम्ही जिंकलात, आणि मी हरलो ते बरं झालं.

तुम्ही आता नाही, म्हणजे अट संपली. रेवा झोपल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं, तुम्ही सांगितलं होतंत त्याच क्रमाने. ती रडली नाही. सोडे निवडताना तुम्ही बसायचात तशीच मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी तिने एकच विचारलं.

"मग माझं नाव काय?"

तुम्हाला माहीत होतं. लग्नाच्या मांडवात तुम्ही ते सांगितलंही होतंत, तेच तिचं राहून गेलेलं बारसं होतं, आणि सनई वाजत होती. तेवढं मला परत एकदा विचारायचं राहून गेलं. तीन वर्षं मी फोटो मागितला, नोंद मागितली, साक्षीदार मागितले. नाव मागितलं नाही.

मी तिला तसं सांगितलं. ती उठली, डब्यातून तांदूळ काढून तिने ताटात पसरले आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. "लिहा."

"काय लिहू?"

"तिने ठेवलं तेच. दुसरं कुठून आणणार?"

मी बोटाने लिहिलं, दगडू. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. तिने ताट स्वतःकडे फिरवलं. मग म्हणाली, "छान दिसतं." ते तांदूळ तिने दुसऱ्या दिवशी शिजवले, आणि पहिली मूद गॅलरीतल्या वाटीत ठेवली. पहिल्या सुमनचं वय आपण तिला परत केलं, आई. रेवा आम्हाला मिळाली ती त्यामुळे. नाव मात्र अजून आमच्याकडेच आहे, पगाराच्या चिठ्ठीवर, रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर. ते कसं परत करायचं, त्याचा अर्ज कुठे मिळतो, मला माहीत नाही.

घरात आता त्या नावाने मी हाक मारत नाही. पण बाहेरचे मारणारच. आज दुपारी कुरिअरवाला आला. जाळीच्या दारातून त्याने पाकीट वाचलं आणि मोठ्याने विचारलं, "सुमन मॅडम कोण? सही लगेगी."

दगडू सही करायला उठली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तेवढ्यात गॅलरीतून, तुमच्या जागेवरून, रेवा ओरडली, "थांबा ना, येतेय ती. पायांत घालतेय."